एलएल.बी.सोबत फिक्हचा (इस्लामी विधिशास्त्राचा) अभ्यास कसा करावा?

प्रश्न
मी एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. कुटुंब कायद्याच्या पेपरात मुस्लिम कायदा कायदेपंडित दिनशा मुल्ला यांच्या पुस्तकावरून आणि निवाड्यांवरून शिकवला जातो. मात्र हनफी, शाफिई, मालिकी या सुन्नी पंथांची मतांतरे कशी निर्माण झाली आणि फकीह (फिक्हचे जाणकार) निष्कर्षाप्रत कोणत्या रीतीने येतात, याला वर्गात जेमतेम एक तास मिळतो. अरबी येत नसताना उसूल-ए-फिक्हचा (फिक्हमधील निष्कर्ष काढण्याच्या तत्त्वांचा) अभ्यास हाती घ्यावा का, आणि वकिलीत त्याचा उपयोग होतो का?

प्रतिसाद १
निश्चित होतो. १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद अधिनियम पाहा. हनफी मतानुसार बेपत्ता नवऱ्याच्या पत्नीला जवळजवळ आयुष्यभर थांबावे लागे, तर मालिकी मतात चार वर्षांची मुदत होती. अडचणीच्या प्रसंगी दुसऱ्या पंथाचे मत स्वीकारण्याची मुभा हनफी फकीहांनीच दिली आहे, या आधारावर देवबंदी विद्वान मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी मताचा पुरस्कार केला, आणि पत्नीला घटस्फोट मागता येण्याच्या कलम २ मधील कारणांपैकी पहिलेच कारण नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसणे हे आहे. परीक्षेसाठी आपण कारणांची यादी घोकतो. चार वर्षेच का, असे कोणी विचारत नाही.

प्रतिसाद २
वरील मत मान्य आहे, पण न्यायालयात फिक्हचा थेट युक्तिवाद चालेलच असे गृहीत धरू नका. प्राचीन भाष्यकारांच्या स्पष्ट मताविरुद्ध न्यायालयांनी कुराणाचा स्वतंत्र अर्थ लावू नये, असे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने) १८९७ मध्ये आगा महमद जाफर विरुद्ध कुलसूम बीबी या खटल्यात म्हटले. १९८५ च्या शाहबानो निवाड्यात मात्र सर्वोच्च न्यायालयाने पोटगीसाठी दुसऱ्या सूरेतील २४१ व्या आयतीचा थेट आधार घेतला. हे दोन्ही निवाडे शेजारी ठेवून वाचावेत. अरबीविषयी म्हणाल, तर इंग्रज न्यायाधीश ज्यावर विसंबत, तो हॅमिल्टन यांनी १७९१ मध्ये भाषांतरित केलेला ‘हिदाया’ हा हनफी कायद्याचा ग्रंथदेखील फारसी भाषांतरावरूनच इंग्रजीत आला होता! तेव्हा सुरुवात भाषांतरांवरून करायला हरकत नाही.

प्रतिसाद ३
मुल्लांच्या जोडीला असफ फैजी यांचे ‘आउटलाइन्स ऑफ मुहम्मदन लॉ’ वाचावे. फैजी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि इस्माइली कायद्याचा त्यांचा व्यासंग मोठा होता. आपल्याकडे आणखी एक निकड आहे: सुन्नी पक्षकार हनफी असल्याचे न्यायालये सामान्यतः गृहीत धरतात, पण कोकणी मुसलमान परंपरेने शाफिई आहेत. सज्ञान अविवाहित मुलीच्या निकाहाला वलीची (पालकाची) संमती शाफिई मतानुसार लागते, हनफी मतानुसार लागत नाही. रत्नागिरीकडचा पक्षकार समोर आला, तर त्याचा पंथ आधी विचारून घ्यावा.