आकारणी कशावर, ते बघा

कारखान्यांच्या सांडपाण्यावर 'शुल्क लावणं म्हणजे पैसे भरा आणि खुशाल घाण सोडा' असं काहीजण म्हणतात, पण हा मुद्दा अर्धाच पटतो. दर नाममात्र असेल तर तसंच होणार, कारखानदार तो खर्चात धरून मोकळा होतो. पण आकारणी कशावर आहे तेही बघा. जर्मनीत 1976 च्या कायद्याने 1981 पासून सांडपाण्यावर शुल्क आलं, ते लिटरवर नाही, अपायावर. 50 किलो सीओडी (पाण्यातल्या घाणीच्या रासायनिक विघटनाला लागणारा ऑक्सिजन) म्हणजे शुल्काचं एक एकक, फॉस्फरस 3 किलोलाच एक, आणि पारा? फक्त 20 ग्रॅम! त्यामुळे पाणी ओतून सांडपाणी पातळ केल्याने बिल कमी होत नाही.

शिवाय शुद्धीकरण प्रकल्पावरचा खर्च काही अटींवर शुल्कातून वळता होतो. माझ्या मते खरी किल्ली तिथेच आहे.