पुढच्या ब्रेक डिस्क बदलायच्या आहेत : छिद्रांच्या घ्याव्यात की खाचांच्या?

मांडवीकाठी :
गाडीच्या पुढच्या दोन्ही डिस्क (चाकासोबत फिरणाऱ्या चकत्या) आणि त्यांना दाबून धरणारे पॅड बदलायचे ठरवले आहे. कंपनीचेच भाग पुन्हा बसवण्याची इच्छा नाही, कारण थोडे अधिक पैसे मोजल्यास बाहेर याहून चांगले काही मिळत असावे. छिद्रे पाडलेल्या डिस्क घ्याव्यात की खाचांच्या, आणि त्यांच्यासोबत सिरॅमिक पॅड चालतील का, एवढेच जाणकारांनी सांगावे. पुढच्या आठवड्यात चोर्ला घाटातून बेळगावला जायचे आहे, त्यामुळे उत्तर लवकर मिळाल्यास बरे होईल.

फोंड्याचा वाटसरू :
गाडी कोणती, कोणत्या सालची, मागे ड्रम आहेत की डिस्क, आणि मुळात डिस्क बदलण्याची वेळ का आली, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. डिस्क झिजली आहे, ब्रेक दाबल्यावर गाडी थरथरते आहे, की घाटात ब्रेक कमी लागत आहेत? या तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत.

डिचोलीकर :
एवढी चौकशी कशासाठी? सरळ छिद्रांच्या डिस्क घ्या. माझ्या गाडीला त्याच आहेत आणि आपल्याकडच्या पावसात त्यांचा उपयोग जाणवतो, कारण डिस्कवरचे पाणी छिद्रांतून निघून जाते आणि ब्रेक पहिल्या दाबालाच पकडतो. शिवाय चाकाच्या आरपार दिसतात तेव्हा गाडीला एक वेगळाच रुबाब येतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मांडवीकाठी :
गाडी 2015 ची स्विफ्ट, पेट्रोल, मागे ड्रम. ऐंशीच्या वेगावर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरते. गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये डिस्क काढून लेथवर फेस करून, म्हणजे त्यांचा पृष्ठभाग तासून सपाट करून, घेतल्या होत्या, त्यानंतर काही महिने सगळे ठीक होते, आता पुन्हा तेच सुरू झाले आहे. म्हणूनच या वेळी डिस्कच चांगल्या प्रतीच्या घेणार आहे. माझा प्रश्न निवडीचा आहे, निदानाचा नाही.

फोंड्याचा वाटसरू :
निदानावाचून निवड केलीत तर नव्या डिस्कही काही महिन्यांत थरथरू लागतील. थरथर स्टिअरिंगमध्ये जाणवते म्हणजे दोष बहुधा पुढच्या चाकांत आहे. मागच्या ड्रममध्ये असता तर ती सीटमध्ये आणि पेडलमध्ये अधिक जाणवली असती. ‘डिस्क वाकली’ असे सगळेच म्हणतात, पण बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तर तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, आणि हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावा लागतो इतका बारीक असतो.

आता तो येतो कुठून ते पाहा. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या, दमट हवेत हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाच्या, ज्या पृष्ठभागावर डिस्क टेकते तिथे गंजाचे पापुद्रे धरतात. ते न घासता डिस्क बसवली की ती किंचित तिरकी बसते आणि प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी पॅडला घासत राहते, मग ब्रेक दाबलेला असो वा नसो. काही हजार किलोमीटरमध्ये ती जागा पातळ होते आणि थरथर सुरू होते. लेथवर फेस केलेली डिस्क लेथच्या आसाला सरळ असते, तुमच्या हबला नव्हे; म्हणून काही महिने बरे वाटले आणि दुखणे परत आले. हब तारेच्या ब्रशने चकचकीत करून घ्या, डिस्क बसवल्यावर डायल गेज लावून ती किती डोलते ते मोजायला सांगा, आणि चाकाचे नट हवेच्या गनने न आवळता समोरासमोरचे असे क्रमाने, टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानेच) आवळायला लावा.

डिचोलीकर :
हे सगळे मान्य केले, तरी छिद्रांनी डिस्क थंड राहते हे नाकारता येणार नाही. स्पर्धेच्या गाड्यांना उगाच बसवत नाहीत.

फोंड्याचा वाटसरू :
डिचोलीकरबाब, स्पर्धेत डिस्क शर्यतीगणिक बदलता येते, आपल्याला ती अनेक वर्षे वापरायची असते. जुन्या काळचे पॅड तापले की त्यांतून वायू निघत असे आणि त्याला वाट देणे हे त्या छिद्रांचे मूळ काम होते. आजच्या पॅडना त्याची फारशी गरज राहिलेली नाही. छिद्रांमुळे उष्णता धरून ठेवणारे लोखंड मात्र कमी होते, आणि घाटात वारंवार तापून निवताना छिद्रांच्या कडांपासून बारीक तडे जाऊ लागतात. खाचांच्या डिस्कमध्ये ही भीती कमी असते, पण त्या पॅड लवकर खातात आणि थोडा आवाजही करतात. स्विफ्टच्या पुढच्या डिस्क मुळातच मधून पोकळ, वारा खेळणाऱ्या आहेत. रोजच्या वापराला त्याच मापाच्या, तशाच मधून पोकळ, पण छिद्रे-खाचा नसलेल्या साध्या डिस्क घ्याव्यात.

साखळीचे मास्तर :
घाटापुरता थोडा हिशेब मांडतो. चार माणसे आणि सामान धरून 1300 किलोची गाडी 600 मीटर खाली उतरली, तर सुमारे 76 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्यात 24 लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत जाईल. ही सगळी उष्णता डिस्कवर टाकायची की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाकडून बरीचशी अडवून घ्यायची, हे चालकाच्या हातात असते. कोणतीही डिस्क घेतली तरी हे गणित बदलत नाही.

बायणाकर :
मी तर म्हणेन, मागचे ड्रम काढून तिथेही डिस्क बसवून घ्या, आणि कॅलिपरला, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीला, लाल रंग द्या.

फोंड्याचा वाटसरू :
हे कोणी विचारले होते? मागे डिस्क बसवायच्या म्हणजे हँडब्रेकची रचना बदलायची आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल नव्याने साधायचा. तो बिघडला तर ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी अडकून गाडी फिरेल. ब्रेक लावताना वजन पुढे झुकते आणि बहुतेक काम पुढचेच ब्रेक करतात, त्यामुळे या गाडीला मागचे ड्रम पुरेसे आहेत.

मांडवीकाठी :
ठीक आहे, साध्या डिस्क घेतो. पण पॅडचे कोणीच सांगितले नाही.

म्हापशाचा सुटेभागवाला :
दुकानात रोज हाच प्रश्न येतो. सिरॅमिक पॅड आवाज कमी करतात आणि चाकावर काळी धूळ कमी पाडतात, पण त्यांनी गाडी लवकर थांबते असे नाही. पॅडच्या कडेला किंवा पाठीवर छापलेल्या कोडमध्ये शेवटी दोन अक्षरे असतात. पहिले पॅड कमी तापलेला असतानाची पकड सांगते आणि दुसरे खूप तापलेला असतानाची. ‘एफ’ म्हणजे घर्षणांक 0.35 ते 0.45 आणि ‘जी’ म्हणजे 0.45 ते 0.55. ‘एफएफ’ आपल्याला पुरे. शर्यतीचे पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत, त्यामुळे सकाळी गल्लीतून बाहेर पडतानाच फजिती होते. युरोपच्या आर-90 नियमाचा शिक्का असलेल्या पॅडची पकड मूळ पॅडच्या 15 टक्क्यांच्या आत असावी लागते, म्हणून अनोळखी स्वस्त पॅडपेक्षा ते बरे. बॉश, टीव्हीएस गर्लिंग, राणे यांपैकी तुमच्या गाडीसाठी जे अस्सल मिळेल ते घ्या. मी त्यांत भेद करत नाही.

ब्रेक ऑइलचा उल्लेख अजून कोणीच केलेला नाही, याचे आश्चर्य वाटते. ते हवेतील ओलावा शोषते आणि आपल्याकडे ओलाव्याला तोटा नाही. नव्या डॉट-4 प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असावा लागतो, पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा मात्र 155 अंशच आहे. घाटात पेडल आत जाऊ लागले तर डिस्कपेक्षा आधी ऑइल उकळल्याचा संशय घ्यावा. दोन वर्षांहून जुने असेल तर याच कामात बदलून घ्या.

मांडवीकाठी :
आज चाके काढून पाहिले. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा डावी डिस्क पातळ भरली, म्हणजे ती बदलणे भागच आहे. हबवर गंजाचा थर निघाला. एक गोष्ट मात्र कळली नाही : डाव्या बाजूचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच अधिक झिजलेला आहे.

म्हापशाचा सुटेभागवाला :
कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या गाइड पिन गंजून अडकल्या असतील, किंवा पिस्टन नीट मागे सरत नसेल. पिन काढून स्वच्छ करा आणि त्यांना ब्रेकसाठीचेच सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबराची बुटे फुगतात. डिस्क दोन्ही बाजूंच्या एकदमच बदला. नवे पॅड बसल्यावर मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून दहापर्यंत, गाडी पूर्ण न थांबवता, आठ-दहा वेळा मध्यम जोराने ब्रेक लावा आणि मग काही किलोमीटर ब्रेक न वापरता त्यांना निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहू नका, नाहीतर पॅडचा थर एकाच जागी चिकटतो. हे सगळे घाट चढण्याच्या आधीच उरकून घ्या.