त्या बजेटात जे. सी. हिगिन्स मॉडेल ५० पण बघा

तुम्ही म्हणताय हजार डॉलरच्या आत, हरणाच्या शिकारीसाठी, लाकडी दस्त्याची जुनी बोल्ट अॅक्शन रायफल (प्रत्येक गोळीसाठी हाताने बोल्ट मागेपुढे करायची) हवी आणि मन १९६४ च्या आधीच्या विंचेस्टर मॉडेल ७० वर बसलंय. मन बसणारच हो, चीजच तशी आहे, पण त्या नावाचे पैसे वेगळे मोजावे लागतात आणि त्या भावात हाती लागते ती बऱ्याचदा कुणीतरी दस्ता कापलेली नाहीतर जास्तीची भोकं पाडलेली.

माझं मत, जे. सी. हिगिन्स मॉडेल ५० शोधा. १९५० च्या दशकात ही रायफल सीअर्स या अमेरिकन दुकानसाखळीत विकायचे, म्हणून लोक अजून तिला हलक्या दर्जाची समजतात, पण आत बेल्जियमच्या एफएन या बंदूक कंपनीची अस्सल माउझर अॅक्शन (काडतूस आत ढकलणारी, बाहेर काढणारी यंत्रणा) आहे आणि नळीला आतून क्रोम, म्हणजे गंजाची काळजी कमी. बोल्ट हळूहळू पुढे ढकलून बघा, तो लांब पंजा काडतुसाची कड मॅगझिनमधून वर येतानाच पकडतो, विंचेस्टरमध्ये जे आवडतं ना, तेच हे. काडतूस .३०-०६ किंवा .२७०, दोन्ही बंदुकांच्या दुकानात सहज मिळतात.

घेताना नळीचं तोंड टॉर्चने नीट बघा, तिथे ओरखडा असेल तर नेम बिघडतो. आणि विकणारा हो म्हणाला तर दस्ता उतरवून लाकडाखालचं पोलाद बघाच, ओल तिथेच साचते, वरून चकचकीत दिसणारी रायफल आतून खाल्लेली निघते. जुनी रेमिंग्टन ७००, म्हणजे अशीच दुसरी बोल्ट अॅक्शन रायफल, मिळाली तर आधी तिचा ट्रिगर रिकॉलमध्ये, म्हणजे कंपनीने दोषामुळे परत मागवलेल्यांत, आहे का ते तपासा, यात अजिबात हयगय नको.