एन्क्रिप्टेड माहिती उघडण्याची सोय सरकारला द्यावी का?

धागाकर्ता
ब्रिटनच्या गृहखात्याने २०१६ च्या इन्व्हेस्टिगेटरी पॉवर्स ॲक्ट या तपासाधिकारांच्या कायद्याच्या आधारे ॲपलला नोटीस देऊन आयक्लाउड या तिच्या ऑनलाइन साठवणीतील एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या, माहितीत प्रवेश मागितल्याची बातमी फेब्रुवारी २०२५ मध्ये फुटली. अशी नोटीस मिळाल्याचे सांगण्यासही कंपनीला मनाई असते. त्याच महिन्यात ॲपलने तेथील नव्या ग्राहकांसाठी ‘ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ बंद केले. या सोयीत फोटो, नोंदी आणि फोनचा बॅकअप उघडणारी किल्ली फक्त ग्राहकाच्या उपकरणांवर असते, ॲपलकडेही नसते. गुन्हेगारांचा माग काढण्यासाठी निरपराधांचे संरक्षण काढून घेणे मला साफ नामंजूर आहे.

प्रतिसाद १
असहमत. बँकेतला लॉकर न्यायालयाच्या आदेशाने उघडतो, मग बालकांच्या लैंगिक शोषणाची छायाचित्रे साठवणाऱ्याचा संग्रह कोणत्याच आदेशाने उघडू नये, हे त्या बालकांच्या आईवडिलांना आपण कोणत्या तोंडाने सांगणार? शिवाय अशा नोटिशीला मंत्र्यांच्या निर्णयाबरोबर न्यायिक आयुक्तांची, म्हणजे आजी-माजी वरिष्ठ न्यायाधीशांची, मान्यताही लागते.

धागाकर्ता
लॉकरचा आदेश एका खातेदारापुरता असतो. इथे सर्वांच्या माहितीत शिरण्याची वाट कायमची बांधून ठेवायची आहे, आणि त्या वाटेने उद्या कोण येईल हे आयुक्तांच्या हातात नाही. ग्रीसमध्ये २००४-०५ साली नेमके हेच झाले. कायदेशीर टॅपिंगसाठी एरिक्सन या दूरसंचार उपकरणांच्या कंपनीने बनवलेली यंत्रणा व्होडाफोनच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये घुसखोरांनी कोणताही आदेश नसताना गुपचूप चालू केली आणि पंतप्रधान कोस्टास करामानलिस यांच्यासह शंभराहून अधिक जणांचे फोन कित्येक महिने ऐकले. पोलिसांसाठी केलेल्या सोयीचे पहिले बळी सरकारातलेच लोक ठरले.

प्रतिसाद २
धागाकर्त्यांशी सहमत. ब्रिटनमध्ये २००० च्या ‘रिपा’ (रेग्युलेशन ऑफ इन्व्हेस्टिगेटरी पॉवर्स ॲक्ट) कायद्याच्या कलम ४९ खाली संशयिताकडूनच पासवर्ड मागता येतो, आणि नकार दिल्यास दोन वर्षांपर्यंत, तर राष्ट्रीय सुरक्षा व बालशोषणाच्या प्रकरणांत पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हा मार्ग एका माणसापुरता मर्यादित राहतो.

प्रतिसाद १
तो मार्ग संशयित हाती लागल्यावरच खुला होतो, आणि ज्याला पुराव्यामुळे त्याहून मोठी शिक्षा होणार आहे, तो पासवर्ड न सांगता कैद पत्करेल. तपासातली ही उणीव खरी असल्याने मी माझ्या मतावर ठाम आहे. नोटीस गुप्त ठेवण्याची सक्ती मात्र मलाही पटत नाही: कोणत्या कंपनीला कोणता आदेश दिला, हे निदान त्या कंपनीच्या ग्राहकांना कळलेच पाहिजे.