मदत हवी आहे: वाळूच्या नळीतली अळी कोणत्या कुळातली?

ठोसेघरजवळच्या ओढ्यात दगडाला चिकटलेली, बारीक वाळूची निमुळती नळी दिसली; आत जिवंत अळी. कॅडिसफ्लाय (पतंगासारखा दिसणारा, अळी पाण्यात वाढणारा कीटक), म्हणजे ट्रायकॉप्टेरा गण, इथपर्यंत खात्री आहे. फुलपाखरं-पतंगांचा हा सर्वांत जवळचा गण. दोन्हीकडच्या अळ्या रेशीम काढतात, पण प्रौढ कॅडिसच्या पंखांवर खवल्यांऐवजी केस असतात. फार विलक्षण नातं आहे हे!

अडलंय कुळापाशी. नुसत्या नळीवरून कूळ ठरत नाही, वेगवेगळ्या कुळांतही सारख्या नळ्या असतात. छातीच्या पहिल्या दोन खंडांच्या पाठीवर कडक पट्ट्या आहेत, तिसऱ्यावर फक्त लहान तुकडे. पोटावरचे कल्ले आणि शृंगिकेची (डोक्यावरच्या मिशीची) जागा पाहायची, एवढं माहीत आहे. ती नेमकी कशी पाहायची? सह्याद्रीतल्या अळ्यांची ओळख-किल्ली (लक्षणं पाहत टप्प्याटप्प्याने ओळख पटवायचा तक्ता) कुणाकडे आहे का? अळी मारायची नाहीये. मॅक्रो फोटो कुठल्या बाजूने काढू?