अनुभव धागा: देव सोडवतो, देव राखतो, हे शिकवायचं कसं?

बायबल अभ्यास घेणारे, संडे स्कूलचे शिक्षक, आजाऱ्यांच्या भेटीला जाणारे, सगळ्यांना विनंती. कोणता उतारा घेता, कोणत्या क्रमाने, आणि लोक नेमके कुठे अडखळतात ते लिहा. साक्षी (देवाने मला कसं वाचवलं ते) इथे नकोत.

संडे स्कूल, मोठा वर्ग
निर्गम १२ घ्या (इस्राएल लोक मिसरातल्या गुलामीतून सुटतात ती रात्र), पण 'रक्त लावलं आणि वाचले' एवढ्यावर उरकू नका. क्रम मुलांनाच लावू द्या: दहाव्या दिवशी कोकरू निवडायचं (एक वर्षाचा नर, निर्दोष), चौदाव्यापर्यंत सांभाळायचं, संध्याकाळी वधायचं, एजोब झुडपाची जुडी रक्तात बुडवून कपाळपट्टीला आणि दोन्ही दारबाह्यांना लावायची, सकाळपर्यंत दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मग विचारा, आत बसलेला रात्रभर थरथरत असेल तर? उत्तर तेराव्या वचनात आहे. मिसरातल्या प्रथमजन्मलेल्यांना मारताना देव दाराचं रक्त पाहून ते घर ओलांडून जाणार होता. आतल्याच्या धीराची तपासणी कुठेच नाही. एवढं मुलांना पटलं की तास सार्थकी लागला. घाईत हमखास राहून जातं ते जेवण: कमरा कसलेल्या, पायांत जोडे, हातात काठी. सुटका बसून राहायला नव्हती, निघायला होती.

महिला अभ्यासवर्ग
रूथच्या पुस्तकाआधी (विधवा रूथ आणि तिला सोडवणारा आप्त बवाज) लेवीय २५ वाचा, नाहीतर चौथ्या अध्यायाचा काही पत्ता लागत नाही. गरिबीने विकलेली जमीन, किंवा स्वतःला विकून घेतलेला माणूस, कोण सोडवू शकतो? भाऊ, चुलता, चुलतभाऊ, नाहीतर कुळातला जवळचा कोणी. आता रूथ ४ मधल्या वेशीत या. दहा वडील बसलेत. बवाजापेक्षा जवळचा पहिला आप्त जमिनीला लगेच हो म्हणतो. रूथशी लग्नही करावं लागेल हे कळताच आपलं वतन बिघडेल म्हणून माघार घेतो आणि जोडा काढून देतो. फळ्यावर तीन शब्द लिहा: नातं, ऐपत, तयारी. पहिल्याकडे तिसरं नव्हतं. मग ख्रिस्ताकडे वळा: नात्यासाठी इब्री २:१४, मोलासाठी १ पेत्र १:१८-१९, तयारीसाठी योहान १०:१८. बवाज आणि रूथची नुसती प्रेमकथा रंगवली की हा सगळा व्यवहार वाया जातो.

सेमिनरीतून
'येशूने आपल्या जिवाची खंडणी दिली कुणाला?' हा प्रश्न येतोच. मार्क १०:४५ खंडणी म्हणतो, घेणारा सांगत नाही. तिसऱ्या शतकातल्या धर्मपंडित ओरिजेनने सैतानाकडे बोट दाखवलं. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरीने ते झिडकारलं: लुटारूलाच मोल द्यायचं? दहा मिनिटांत आटपा. मोल किती होतं, तिकडे वेळ द्या.

आजाऱ्यांच्या भेटी
स्तोत्र ९१ सर्वांत जास्त वाचलं जातं आणि सर्वांत जास्त चुकीचं वापरलं जातं. मत्तय ४ मध्ये त्यातली अकरावी-बारावी वचनं सैतानच म्हणून दाखवतो. येशू त्यावर अनुवाद या पुस्तकातलं ६:१६ ठेवतो, देवाची परीक्षा पाहू नको. खाटेपाशी सोळाही वचनं नकोत. पहिली दोन आणि १४-१५ पुरेत, सावकाश, मग गप्प बसा. पंधरावं वचन संकट येणारच नाही असं म्हणत नाही, संकटात देव सोबत असेल असं म्हणतं. 'तुझ्या बाजूला हजार पडतील' हे आयसीयूत वाचू नका. शेजारच्या खाटेवरचाही कुणाचा तरी असतो.

तरुण संघ
प्रेषितांची कृत्ये १२ अर्धवट वाचू नका. दुसऱ्या वचनात याकोब तलवारीने मारला जातो. पेत्र सोळा शिपायांच्या पहाऱ्यातून सुटतो. पेत्राचा विश्वास मोठा होता म्हणून? मजकूर तसं म्हणत नाही. तो झोपला होता, आणि तो दाराशी आल्याचं सांगणाऱ्या दासी रोदेला प्रार्थना करणाऱ्यांनीच वेडी ठरवलं.

'देव राखतो तर काळजी कशाला' म्हणणाऱ्यांसाठी त्याच पुस्तकाचा अध्याय २७. वादळात सापडलेल्या पौलाच्या जहाजावर २७६ माणसं. सगळे वाचतील हे अभिवचन २४व्या वचनात मिळालेलं; तरी खलाशी होडीतून पळू पाहतात तेव्हा ३१व्यात पौल शिपायांना बजावतो, खलाशी जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई होडीचे दोर कापतात. अभिवचन देणारा देव इथे दोर कापणाऱ्यांच्या हातून राखतो.

वरच्याला जोड
याकोब-पेत्रानंतर इब्री ११:३३-३८ वाचायला द्या, पण एकाच वाचकाला, एका दमात. पस्तिसाव्या वचनाच्या मध्यावर दिशा बदलते: तिथवर सिंहांची तोंडं बंद होतात, पुढे माणसं करवतीने चिरली जातात. दोघांमध्ये वाचन वाटलं की नेमकं तिथेच तुटतं.