घरचा ग्रुप : पुण्यतिथीच्या भजनाले धाकटी येते का?

आत्या: धाकटे, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीले येशील न व? मंडळवाल्या इचारून राहिल्या, वरचा सूर धरणारी कोणीच नाई

धाकटी: काय सांगू आत्या, काल लेकराले झुलवता झुलवता म्हणून पाह्यलं त पेटीच्या काळी चार पट्टीत पंचमाच्या (प च्या) वर आवाज फाटते, दम अर्ध्या ओळीतच संपते 😔

काकाजी: बाळंतपणात आवाज जातेच बाप्पा. आता लेकरू पाहा

मोठी वहिनी (सिस्टर): जात नाई काकाजी, उतरते. आठव्या महिन्यात आवाज जड झाला होता न तिचा, तवा अंगावर सूज येते तशी स्वरतंतूंवरही येते, अन् पोट वाढलं की श्वासपटल (फुप्फुसाखालचा पडदा) चारेक सेंटीमीटर वर ढकलल्या जाते, वरून ॲसिडिटीचं आंबट पाणी घशापर्यंत. ते बाळ झाल्यावर ओसरते. आता अडचण उरली पोटाची, सिझर झालं आहे, स्नायू ढिले पडले, अन् लांब ओळ त पोटाच्याच जोरावर निघते

आत्या: मंग लाव म्हणा थोडा जोर

मोठी वहिनी (सिस्टर): नका हो आत्या!! पोट साथ देत नाई म्हणून गळ्यानं ओढलं की स्वरतंतूंवर गाठी येतात. अन् पाणी काहून मोजून देता तिले? अंगावर पाजून राहिली ते. त्यात दार बंद, गवऱ्यांची शेगडी, ओव्याची धुरी, मी आली तवा माह्येच डोळे झोंबले, तिचा गळा सुकन नाई त काय

काकाजी: धुरी लेकरासाठी असते

मोठी वहिनी (सिस्टर): लेकरूच खोकून राह्यलं काकाजी 🙏

पेटीवाले मामा: मंग पट्टी खाली, काळी तीनवर घेऊ न, त्यात काय एवढं

मोठी वहिनी (सिस्टर): हाव मामा, तेच. 2018 मध्ये इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठवाल्यांनी बायकांच्या बाळंतपणाआधीच्या अन् नंतरच्या मुलाखतीतला आवाज मोजला, बोलण्याचा सूर सरासरी 5 टक्के खाली गेला होता अन् वर्षभरात वापस आला. म्हणून यंदा कोरसमधी बसू द्या, लंबे आलाप नको. पोटाचे व्यायाम डॉक्टरनं हो म्हटल्यावरच

धाकटी: कोरसमधी चालते मले 😊 पण लेकरू कोण घेईन?

आत्या: मी घेतो न माय. पाण्याचा तांब्याही भरून ठेवतो, झालं?

पेटीवाले मामा: अन् ते शेगडी इकडे पाठवा, खंजेरीचं चामडं ढिलं पडलं, शेकायले कामी येईन